जनसुनावणीत आपली खुर्ची रिकामी का?

जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा भर पावसात फुटला. राखेचे पाणी शेतात शिरले आणि नाल्यांवाटे कोलार नदीतून कन्हान नदीपर्यंत गेले. कन्हानचे पाणी उत्तर व पूर्व नागपूरला पिण्यासाठी जाते. उत्तर नागपूर म्हणजे कोणाची वस्ती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्रश्न आपल्याच नळाचा होता. त्यावर आपल्या किती संघटनांनी साधे निवेदन तरी दिले?

पुढच्याच वर्षी, २९ मे २०२३ रोजी, याच कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. असे तीन संच तिथे आधीच चालू होते. विदर्भातला मे महिना, डोक्यावर सूर्य, आणि सरकार म्हणते जनतेने येऊन मत मांडावे! तरीही शहरातल्या पर्यावरणवादी संस्था गेल्या, त्यांनी हरकती नोंदवल्या. समर्थन करणारेही गेले. पर्यावरण हा बंगल्यात राहणाऱ्यांचा छंद, असे मानून आपले कार्यकर्ते मात्र या विषयापासून लांब राहतात. चवदार तळ्यावर १९२७ साली जो लढा झाला तो सार्वजनिक पाण्यावरील हक्काचाच होता, याचा आपल्याला विसर पडावा हे दुर्दैव आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेब तर विजेच्या बाजूचे होते. होतेच. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि जलसंपत्ती ही खाती त्यांच्याकडे होती. विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय शेतीवरचा भार हलका होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. तेव्हा विजेला विरोध हा आपला पवित्रा असूच शकत नाही. पण दिवा कोणाच्या घरी आणि राख कोणाच्या अंगणात, हा प्रश्न विचारायला बाबासाहेबांनी आपल्याला कुठेही मनाई केलेली नाही.

अडचण खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. अशा केंद्रांत आपली मुले कंत्राटी कामगार म्हणून राबतात. प्रकल्प नको म्हणावे तर पोटावर पाय, हवा म्हणावे तर छातीत राख. म्हणून समाजबांधव घरी बसतात. परंतु सुनावणीत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणायचे असते, हा मोठा गैरसमज आहे. बंधाऱ्याची उंची किती, तो तपासणार कोण, गावच्या विहिरीचे पाणी किती महिन्यांनी तपासणार, स्थानिकांना कायम नोकऱ्या किती, हे सर्व तिथे विचारता येते.

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत याचे नियम आहेत. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी बसतो. कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही करावी लागते. लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर कंपनीचे म्हणणे त्याला जोडावे लागते. म्हणजे आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर येते, आणि बंधारा फुटला की तोच कागद न्यायालयात ठेवता येतो. जाता येत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी हरकत पाठवता येते. पोच मात्र घ्यावी.

हे हक्क आपोआप टिकत नाहीत. २०२० साली आलेल्या नव्या मसुद्यात जनतेला मिळणारी मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा घाट होता. तो मसुदाही इंग्रजी आणि हिंदीत! ज्याच्या शेतात राख येणार त्याला मराठीत कळूच नये, अशी ही सोय. अखेर दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करायला सांगितले.

वीज दराचेही तेच. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दर ठरवण्यापूर्वी राज्य वीज नियामक आयोगाने जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्यायच्या असतात. तिथे उद्योजकांच्या संघटना वकील घेऊन हजर असतात. झोपडपट्टीतील ग्राहकाची बाजू मांडायला कोण असतो? बिल आल्यावर आपण वीज कार्यालयावर मोर्चा नेतो, तोवर दर ठरून गेलेला असतो.

आणि त्याच २००६ च्या अधिसूचनेत आणखी एक ओळ आहे. सुनावणी सुरू करायला कोरमची गरज नाही. मंडपात समोर दहा माणसे असोत की एकही नसो, सुनावणी झाली असे धरले जाते.