मिड टॉवर की फुल टॉवर?

बालमित्रांनो, कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ जी उभी पेटी असते, तिला तुमच्या घरी काय म्हणतात? "सीपीयू!" हो ना? पण ते नाव चुकीचं आहे बरं का! सीपीयू म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू आणि तो तर एखाद्या चौकोनी बिस्किटाएवढाच असतो. पेटीच्या आत मदरबोर्ड नावाच्या पाटीवर तो बसवलेला असतो. बाहेरच्या पेटीला दुकानात 'कॅबिनेट' म्हणतात.

सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवायचं ठरलं, की तुमची नजर आधी कॅबिनेटवरच जाते. काचेची बाजू, रंगीत दिवे, आणि जितकं उंच तितकं झकास! दुकानदार विचारतो, "मिड टॉवर दाखवू की फुल टॉवर?" तुम्ही लगेच बाबांचा हात ओढता, "फुल टॉवरच घ्या ना!" जरा थांबा. आधी या दोघांची ओळख करून घेऊ.

आडव्याचा उभा कसा झाला?

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीची पेटी टेबलावर आडवी ठेवत आणि तिच्यावर मॉनिटर. १९८७ मध्ये त्याच कंपनीने पीएस/२ मालिकेतली ६० आणि ८० क्रमांकाची मॉडेलं जमिनीवर उभी राहतील अशी बनवली. अशा उभ्या पेट्यांना टॉवर, म्हणजे मनोरा, म्हणतात.

१९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' हे माप ठरवून दिलं. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ए-फोर कागदापेक्षा थोडासाच मोठा. त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स. तो २४४ मिलिमीटरचा चौरस असतो.

आता गंमत पाहा. मिड टॉवर साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असतो, तर फुल टॉवर ५५ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच. (ही नावं कुठल्या नियमाने ठरलेली नाहीत, म्हणून कंपनीगणिक थोडा फरक पडतो.) पण एटीएक्स बोर्ड दोन्हींत बसतो! आतलं सामान तेच असेल, तर नुसती पेटी मोठी घेऊन कॉम्प्युटर जास्त वेगाने चालत नाही. मोठ्या दप्तरातून शाळेत गेलं म्हणून कुणाचे मार्क वाढतात का?

मग फुल टॉवर कुणासाठी?

तो काही वाईट नाही हं! ज्यांना एटीएक्सपेक्षा मोठा बोर्ड बसवायचा आहे, सात-आठ हार्ड डिस्क लावायच्या आहेत किंवा पाण्याने थंड करायची मोठी यंत्रणा बसवायची आहे, त्यांना ती जागा लागते. आत हात घालून काम करायलाही सोपं जातं. पण अभ्यास, चित्रं, प्रोग्रॅमिंग आणि सुट्टीतले खेळ यांसाठी मिड टॉवर पुरेसा होतो. शिवाय फुल टॉवरचं वजन रिकामा असतानाच बहुधा १० किलोच्या पुढे जातं. घर बदलताना तो जिने चढवणार कोण?

"पण मोठ्या पेटीत कॉम्प्युटर थंड राहील ना?" असं तुम्ही विचाराल. समजा, एक मोठी खोली आहे, पण खिडक्या बंद. दुसरी छोटी, पण समोरासमोर खिडक्या उघड्या. उन्हाळ्यात दुपारी कुठे बसाल? कॅबिनेटचंही तसंच. समोरून गार हवा आत यावी आणि मागून किंवा वरून गरम हवा बाहेर जावी. म्हणून समोर जाळी आणि धूळ अडवणारा फिल्टर आहे का, ते बघा. पुढून काचेने बंद केलेल्या फुल टॉवरपेक्षा जाळीचा मिड टॉवर जास्त थंड राहू शकतो.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मिड आणि फुल टॉवरच्या किमतीत बहुधा काही हजारांचा फरक पडतो. तो पैसा चांगल्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, खर्च करा. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारा, नाव-गाव नसलेला एसएमपीएस बिघडला, तर महागडा बोर्डही जाऊ शकतो. उरलेल्या पैशांत हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली, तर कॉम्प्युटर किती पटकन सुरू होतो, ते मुलांना पहिल्याच दिवशी दिसेल.

करून पाहा

१. बोर्ड कुठल्या मापाचा, ग्राफिक्स कार्ड किती लांब आणि प्रोसेसरवरचा कूलर किती उंच, ही तीन मापं वहीत लिहा. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात त्यात काय-काय मावतं ते दिलेलं असतं. ताडून पाहा. कार्ड ३२ सेंटिमीटरचं आणि जागा ३० ची, तर ते बसणारच नाही!

२. रद्दीच्या कागदावर दोन आयत कापा. एक २२ बाय ४५ सेंटिमीटरचा मिड टॉवर, दुसरा २४ बाय ६० चा फुल टॉवर. ते टेबलाखाली ठेवा. मागे वायरींसाठी आणि हवेसाठी वीतभर जागा सोडा. आता खुर्चीवर बसा. पाय मोकळे राहतात का?

३. पेटी जमिनीवरच ठेवणार असाल, तर खाली लाकडी पाट ठेवा. केर काढताना उडणारी धूळ आणि लादी पुसतानाचं पाणी यांपासून ती थोडी दूर राहील.

एवढं झालं, की वहीचं ते पान घेऊन दुकानात जा. दुकानदाराने "मिड की फुल?" असं विचारलं, तर आधी ते पान त्याच्यासमोर ठेवा!