मार खाणारी चकती

गो-कार्टला स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, डिफरन्शियलही नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं गवत कापण्याच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली, तेव्हापासून ती जमिनीला पोट घासतच पळते आहे. आजच्या कार्टची मागची दोन्ही चाकं, ब्रेकची डिस्क आणि चेनचं मोठं स्प्रॉकेट एकाच सलग दांड्यावर असतं. सगळ्यांत खाली लोंबतं ते स्प्रॉकेट. वळणावर गाडी कडेच्या उंचवट्यावर चढली की पहिला दणका त्यालाच. दाता वाकतो, चेन उडते. ती फ्रेममध्ये अडकली तर दोन्ही मागची चाकं एकदम जाम होतात आणि गाडी गरकन फिरते.

थोडं गणित केलं तर दोष कुठं आहे ते कळतं. मागचा टायर ११ इंची, म्हणजे दांडा जमिनीपासून १४ सेंटिमीटर वर. इंजिनिअरिंगची मुलं कार्टला बहुधा मोटरसायकलचं इंजिन लावतात आणि चेनही तिचीच, ४२८ नंबरची. तिच्यासाठी ६० दात्यांचं स्प्रॉकेट कातलं तर व्यास २४ सेंटिमीटर होतो. खाली उरतात दोन सेंटिमीटर, त्यातही चेनची जाडी वजा. रेसिंग कार्टची बारीक २१९ ची चेन घेतली, तर तेवढ्याच दात्यांना १५ सेंटिमीटर पुरतात. निम्मं संरक्षण इथंच होऊन जातं, पण ही चेन दुचाकीच्या दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून बहुतेक जण ४२८ वर येतात.

मग खालून लोखंडी पट्टी वेल्ड करायची? माझं मत विरुद्ध आहे. पट्टी एकदा वाकली की तीच चेनमध्ये घुसते. चेनवरचं झाकण वेगळं. ते चालकाला चेनपासून वाचवतं. चेनला रस्त्यापासून वाचवायला स्प्रॉकेटच्या दोन्ही अंगांना दांड्यावर आवळलेल्या, चेनच्या कडेपेक्षा किंचित मोठ्या प्लास्टिकच्या चकत्या हव्यात. दणका त्या घेतात आणि घसरून पुढं जातात.

चकतीसाठी प्लास्टिक कुठलं, हे यंत्रमाग चालवणाऱ्या सोलापूरकरांना परक्यानं सांगायला नको. धोट्याच्या यंत्रमागावर धोट्याला सतत तडाखा देणारा पिकर पूर्वी कच्च्या कातड्याचा असे. पुढं नायलॉन आणि जड रेणूंचं पॉलिइथिलीन आलं. मार खायचा, झिजायचं आणि बदललं जायचं, एवढंच त्याचं काम. त्याच पॉलिइथिलीनच्या जाड पत्र्यातून लेथवर चकती कातून घेता येते.

कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. अशा ट्रॅकवर उतरण्याआधी आणि प्रत्येक दणक्यानंतर मागचा दांडा हातानं सावकाश फिरवून पाहावा. चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागली, तर स्प्रॉकेट वाकलं असण्याची शक्यता आहे. ॲल्युमिनियमचं असेल तर हातोडी लावू नये, नवंच टाकावं.