घरातला वजनकाटा : कोणता घ्यावा, कसा तपासावा

विषय ऐकून काही जणांना वाटेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? दुकानात जायचं, काटा उचलायचा, घरी आणायचा. पण हृदय कमजोर झालेल्या माणसाला घरी सोडताना डॉक्टर सांगतात, रोज सकाळी वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. का? तर हृदयाचं पंपिंग कमी पडलं की शरीरात पाणी साचायला लागतं, आणि १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. पायावर सूज दिसण्याआधी, धाप लागण्याआधी ते पाणी काट्यावर दिसू शकतं. ३ दिवसांत २ किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर डॉक्टरांना कळवायचं, असा साधारण नियम आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर अर्थातच तोच पाळायचा.

आता समजा, घरातला काटा आत्ता ६१ दाखवतो आणि त्याच माणसाला दहा मिनिटांनी साडेबासष्ट. मग उद्या वाढलेलं वजन पाण्याचं समजायचं की काट्याच्या लहरीचं? म्हणून हा विषय.

इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक काटा नेहमीच ८०० ग्रॅम जास्त दाखवतो, पण रोज न चुकता तेवढेच. दुसरा कधी १ किलो वर, कधी १ किलो खाली, सरासरी काढली तर अगदी बरोबर. घरासाठी यातला पहिला काटा चांगला. दवाखान्यात वजन कराल त्याच दिवशी घरीही करा, फरक किती येतो तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा, प्रश्न मिटला. दुसऱ्या काट्याचं मात्र काहीच करता येत नाही. आपल्याला घरी हवा असतो तो बदल कळणारा काटा. आकडा दवाखान्यातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलाच पाहिजे असं नाही.

खोक्यावर ‘५० ग्रॅम’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्यालाही फार भुलू नका. तो आकडा ५०-५० ग्रॅमच्या पायरीने पुढे सरकतो, एवढाच त्याचा अर्थ. पायरी बारीक असली म्हणजे माप बरोबर असतं असं नव्हे. माणसाच्या वजनाला १०० ग्रॅमची पायरी पुष्कळ झाली. एक पेला पाणी प्यायलो तरी वजन पाव किलोने वाढतं.

आत काय असतं ते थोडं बघू, कारण अर्ध्या तक्रारींचं उत्तर तिथेच आहे. डिजिटल काट्याच्या खाली चार पाय असतात आणि साधारणपणे प्रत्येक पायात धातूची एक छोटी पट्टी. पट्टीवर नागमोडी, अतिशय बारीक धातूचा पापुद्रा चिकटवलेला असतो. आपण उभे राहिलो की पट्टी किंचित वाकते, पापुद्रा ताणला जातो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजून वजन काढतात. ही युक्ती १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी वेगवेगळी शोधली. पूल आणि इमारतींवरचा ताण मोजायलाही तीच वापरतात.

म्हणजे सगळा खेळ त्या चार पायांचा. ते कडक, सपाट जमिनीवर सारखे टेकलेच पाहिजेत. सतरंजी, चटई, गालिचा, काहीही खाली नको. आणि ‘बाथरूम स्केल’ या नावावर तर मुळीच जाऊ नका. ते नाव कोरड्या बाथरूमच्या देशांतून आलंय. आपल्याकडे न्हाणीघराच्या फरशीला मोरीकडे उतार असतो आणि जमीन कायम ओली. काटा बिघडतो, वर पाय घसरण्याची भीती. खोलीतल्या एखाद्या फरशीवर जागा ठरवा आणि तिथून हलवू नका. हलवलाच, तर बरेचसे काटे पहिल्यांदा नुसते पायाने दाबून सोडायचे असतात. ० आला की मग उभं राहायचं. ही एक गोष्ट न केल्यामुळे चांगले काटेही बदनाम होतात.

आता तपासणी. दुकानदाराच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, पण घरचा काटा तपासायला कोणी येत नाही; ते आपणच करायचं. फार काही लागत नाही. न फोडलेली १० किलो तांदळाची किंवा आट्याची पिशवी आणि भरलेली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, बस्स.

आधी उभे राहा, आकडा लिहा. मग पिशवी हातात घेऊन उभे राहा. आकडा १० किलोंनी वाढला पाहिजे, पिशवीच्या कापडा-प्लास्टिकचे थोडे ग्रॅम धरून. परत पिशवीशिवाय. असं चार-पाच वेळा करा. तुमचे एकट्याचे सगळे आकडे २०० ग्रॅमच्या आत राहिले तर काटा ठेवण्यासारखा आहे. अर्धा किलो इकडेतिकडे होत असेल तर परत करा, आमचं स्पष्ट मत.

तुम्ही म्हणाल, नुसतं पाच वेळा चढून-उतरून बघितलं तर चालणार नाही का? नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात. नवं वजन त्याच्या जवळपास आलं की मोजलेलं बाजूला ठेवून जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, काय पक्का काटा आहे! मध्ये पिशवी घेतली की ही आठवण मोडते. मग बाटलीची पाळी: एकदा नुसते उभे राहा, लगेच बाटली हातात घेऊन उभे राहा. आकडा जागचा हलला नाही तर काटा लपवतोय. हृदयाच्या रुग्णासाठी असला काटा घेऊच नये, कारण रोज थोडं थोडं वाढणारं वजन तो गिळून टाकू शकतो.

लंडनहून कोणी काटा आणला असेल तर एक मजेची गोष्ट. तिथलं गुरुत्वाकर्षण मुंबईपेक्षा थोडं जास्त आहे. तिथे जुळवलेला काटा इथे ६० किलोंच्या माणसाला साधारण १६० ग्रॅम कमी दाखवेल. चिंता नको, रोज तेवढेच कमी दाखवेल.

चरबी, स्नायू, हाडं, शरीरातलं पाणी सगळं सांगणारे मोबाइलला जोडायचे काटे आहेत. ते तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि बाकीचे आकडे सूत्रांनी अंदाजाने काढतात. पाय ओले की कोरडे, पाणी किती प्यायलात, यावर ते बदलतात. शिवाय पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा वापरू नये, असं कंपन्या स्वतःच माहितीपत्रकात लिहितात. ज्या घरात काट्याची खरी गरज, तिथेच हा नको. साधा घ्या.

साधा म्हणजे काय बघायचं? आजी-आजोबांना चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे आकडे. दोन्ही पाय ऐसपैस मावतील अशी रुंदी, उंची कमी, वरचा भाग खडबडीत. गुळगुळीत काच दिसायला छान, ओल्या पायाला वाईट. घरात लहान मूल असेल तर बटणासारख्या चपट्या सेलऐवजी रिमोटमधल्या बारीक सेलवर चालणारा, कारण चपटा सेल मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. किलो-पाउंडचं बटण खालच्या बाजूला असतं. एके दिवशी आकडा दुपटीहून जास्त आला तर घाबरण्याआधी तिथे बघा.

वजन करायचं सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत. तोल जात असेल तर भिंतीजवळ उभं राहावं, पण आकडा वाचताना भिंतीला हात नको. हाताने पेललेला भार काट्यावर येतच नाही.

आणि माळ्यावरचा तो जुना स्प्रिंगचा, तबकडीवाला काटा? त्याला सेल लागत नाही, तो आठवणही ठेवत नाही. चाक फिरवून काटा शून्यावर आणा, पिशवीची परीक्षा घ्या. पण त्याच्या तबकडीवर अर्धा किलो म्हणजे एक बारीक रेघ, तीही वाकून वाचायची. घरात कोणाला डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली असेल तर तो पुरणार नाही. नुसतं महिन्यातून एकदा बघायचं असेल तर नवा घेण्याची गरज नाही.