सामाईक भिंत

कोल्हापूरच्या पेठेत एखादा वाडा पाडायचं ठरलं की जेसीबीच्या आधी जुन्या सागवानाचा व्यापारी येतो. सोप्यातले खांब, तुळया, चौकटी मोजतो आणि आकडा सांगतो. आपण इतकी वर्षं कशाखाली झोपत होतो, हे घरच्यांना तेव्हा कळतं.

वाडा सहसा भिंतीमुळे पडत नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नऊ नावं असतात, खालच्या खोल्यांत जुना भाडेकरू असतो, पुण्यातल्या भावाला हिस्सा रोख हवा असतो. कौलं शाकारायचा खर्च कुणी करायचा, या वादात तीन पावसाळे जातात. मग पाणी तुळईत उतरतं आणि सगळे एका सुरात म्हणतात, ‘घर जुनं झालं.’

खरंच झालं का, हे बघता येतं. अशा बऱ्याच घरांना खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर मातीची रुंद भिंत आणि तिच्यात लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा असतो. माडीचं ओझं बरंचसं हा सांगाडाच पेलतो. म्हणून पोपडे उडालेल्या भिंतीपेक्षा तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी तपासावं. ओल आणि वाळवी तिथं पहिल्यांदा पोचते. पेचकस सहज आत घुसला तर काळजी करायची. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून एक पावसाळा थांबावं. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकते आहे. मातीच्या भिंतीवर हौसेनं सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते. कितीतरी घरं जुनेपणानं नाही, या दुरुस्तीनं खचली.

पंचगंगेकडच्या सखल भागात मात्र मी हळवा होणार नाही. नदीची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दोनदा भिजून फुगलेली मातीची भिंत आठवणींच्या आधारावर उभी राहत नाही.

मग महापालिकेची ‘धोकादायक’ नोटीस येते. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खालची ही नोटीस म्हणजे पाडण्याचा हुकूमच, असं पेठेत धरून चालतात. त्या कलमात दुरुस्त करा, आधार देऊन सुरक्षित करा, हेही आहे. पण भाडेकरू हलवायचा असला की पुढचे शब्द कुणी वाचत नाही.

पाडल्यावर काय मिळणार, हा हिशेबही आधी करावा. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत बांधकाम किती आणि किती उंच, हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. बोळातल्या घराला त्यातून रुंदीकरणाची रेषा, मोकळी जागा आणि पार्किंग वजा झालं, की नऊ हिस्सेदारांच्या वाट्याला काय येणार, हे कागदावर मांडून बघावं.

8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं ते पॅलेस थिएटर होतं, तसंच परत हवं म्हणून सारं शहर रडलं. मागच्या गल्लीतल्या वाड्यासाठी कोण रडणार? सागवान ट्रकमध्ये चढताना तालमीपुढं चार माणसं उभी राहतात, एवढंच. वारसा यादीत टाऊन हॉलसारख्या वास्तूंची नावं शोभतात. सोपा, चौक, परडं असलेल्या साध्या घराचं नाव तिथं क्वचितच दिसतं.

आणखी एक माणूस या निर्णयात असतो, त्याला कुणी विचारत नाही. पेठेतली घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि मधली भिंत पुष्कळदा सामाईक असते. तुमचा वाडा गेला की शेजारच्या भिंतीची शंभर वर्षं झाकलेली बाजू उघडी पडते. तिला गिलावा नसतो. तुमच्या तुळयांची भोकं मात्र तशीच राहतात. जूनमध्ये पहिल्या सरीला शेजारच्या काकू त्या भोकांत प्लास्टिकच्या पिशव्या कोंबत असतात आणि तुमच्या बांधकामाची परवानगी अजून यायची असते.