जमीन कुणाची? : एका नाशिककराचं तमिळ २०१८

१ मार्च २०१८ पासून तमिळनाडूत नवे सिनेमे लागायचे बंद झाले. निर्मात्यांनी संप पुकारला होता. थिएटरांत डिजिटल प्रोजेक्टर आले तेव्हा ते पुरवणाऱ्या कंपन्यांनी यंत्राचा खर्च वसूल करण्यासाठी निर्मात्यांकडून सिनेमागणिक शुल्क घ्यायला सुरुवात केली. यंत्रांचे पैसे कधीच फिटले, आता हे शुल्क कशासाठी, असा निर्मात्यांचा सवाल होता. अभिनेता विशाल तेव्हा त्यांच्या परिषदेचा अध्यक्ष होता. तिढा सुटून नवे सिनेमे पुन्हा लागायला एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला. २७ एप्रिलला येणारा रजनीकांतचा ‘काला’ त्या गर्दीत ७ जूनवर गेला.

मी ओझरला कारखान्यात नोकरी करतो. तमिळचं अक्षर ओळखत नाही, पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मदुरैच्या अण्णांनी मला तमिळ सिनेमाचा नाद लावला. संपाच्या काळात अण्णांचा चेहरा उतरलेला असायचा. नाशिकचे रस्ते मात्र त्याच मार्चमध्ये भरले होते. ६ तारखेला इथून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली वनजमीन आपल्या नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी. जवळजवळ १८० किलोमीटर चालून ते १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानात होते.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण वर्ष सरताना आवडत्या तमिळ सिनेमांची यादी करायला बसलो, तर त्यातले बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत होते : जमीन कुणाची?

पहिला ‘काला’. पा. रंजितने रजनीकांतला धारावीत आणून बसवलं. तिरुनेलवेलीकडून येऊन इथल्या चामड्याच्या कारखान्यांत राबलेल्या तमिळ माणसांची ही वस्ती. पुनर्विकासाच्या नावाखाली ती उठवायला निघालेला पुढारी हरीदादा म्हणजे आपला नाना पाटेकर. गंमत अशी की तमिळ अस्मितेचा हा नायक, रजनीकांत, जन्माने शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातला. वस्तीतली लढाऊ कार्यकर्ती पुयल साकारणारी अंजली पाटील तर नाशिकची. पोलीस भर रस्त्यात तिची सलवार खेचतात, तेव्हा ती कपड्यांकडे न वळता हत्याराकडे हात नेते. त्या वर्षात एवढं धाडसी दृश्य मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटाकडे हरीदादाच्या घरी रामकथा चालू असते आणि तिकडे वस्तीवर हल्ला होतो. काळ्या कपड्यांतला काला म्हणजे रावण, पांढऱ्या झब्ब्यातला हरी म्हणजे राम, अशी मांडणी. चेन्नईत ही उलथापालथ ठसली असेल. पंचवटीजवळ राहणारा माणूस जरा थबकतो. आमचा राम काळ्या पाषाणाचा आहे आणि त्याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. काळा रंग कष्टकऱ्यांचा, हा रंजितचा मुद्दा मला पटतो. पण देव कोणत्या रंगाचा यापेक्षा दार कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न मोठा, हे नाशिकने तेव्हाच पाहिलं होतं.

ऑगस्टमध्ये लेनिन भारतीचा ‘मेर्कु तोडर्चि मलै’ आला. निर्माता विजय सेतुपती, संगीत इळैयराजांचं. तेणी जिल्ह्यातल्या घाटात वेलदोड्याची पोती वाहणाऱ्या रंगसामीला स्वतःचा एक तुकडा विकत घ्यायचा असतो. नायक नाही, खलनायक नाही. बराच वेळ नुसती चढण, ओझं आणि वाटेत भेटणारी माणसं. जमीन मिळते, कर्ज होतं, जमीन जाते. शेवटी तो तिथेच उभ्या राहिलेल्या पवनचक्कीचा रखवालदार होतो. हा डोंगर म्हणजे आपल्याच सह्याद्रीची दक्षिणेकडची वाट. भाषा बदलली तरी ओझं वाहणाऱ्याची चाल तीच.

ऑक्टोबरमधला वेट्रिमारनचा ‘वडा चेन्नई’ वरवर टोळीयुद्धाचा. दिग्दर्शक खून आधी दाखवतो आणि तो का झाला हे तुकड्यातुकड्यांनी उलगडतो. उलगडल्यावर कळतं, मुळाशी कोळीवाडा उठवून रस्ता काढण्याची योजना आहे. धनुषचा अन्बू चांगला कॅरम खेळणारा पोरगा. पण त्याच्या पायाखालची वाळू दुसऱ्याच कुणाच्या नकाशावर विकली गेलेली.

मारी सेल्वराजच्या ‘परियेरुम पेरुमाळ’मध्ये जमीन दिसत नाही, पण उभं राहायची जागा हाच प्रश्न आहे. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयातला दलित मुलगा परियन वर्गातल्या मुलीशी मैत्री करतो आणि त्याची किंमत मोजतो. मराठी माणसाला इथे ‘फँड्री’ आठवणारच. नागराज मंजुळेंचा जब्या दगड भिरकावतो, परियन मुलीच्या बापाशी बोलायला उभा राहतो. दोन्ही शेवट खरे आहेत. मला परियनचा जास्त अवघड वाटतो, कारण दगड मारून सुटका तरी होते. बोलल्यावर समोरच्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते.

सगळंच वर्ष असं जड नव्हतं. ‘९६’मध्ये सेतुपती आणि त्रिशा शाळासोबत्यांच्या मेळाव्यानंतर एक रात्र चेन्नईत फिरतात, बस, एवढंच, आणि तेवढं पुरेसं. ‘राचसन’ पाहताना मी दाराची कडी दोनदा तपासली. शंकरचा ‘२.०’ मात्र खर्च आणि आवाज सोडून फार काही देत नाही.

अण्णांशी माझा एकच वाद उरला आहे. ते ‘काला’ला पहिला नंबर देतात, मी ‘मेर्कु तोडर्चि मलै’ला. रजनीकांत वस्तीसाठी लढला की आपण टाळ्या वाजवतो. रंगसामीसाठी टाळी वाजवायला जागाच नाही, कारण त्याच्याकडून जमीन काढून घेताना कुणी आरडाओरडा केलेला नाही. फक्त हिशेब झाला आहे. बहुतेकांची जमीन अशीच जाते. म्हणून माझा नंबर बदलत नाही.