झाड जिथे उभे राहणार, तिथली माती

कोरडेपणा म्हणजे कमी पाऊस ही समजूत झाडांच्या बाबतीत अपुरी ठरते, कारण बीपासून वाढणाऱ्या रोपाला वर्षाकाठी किती पाणी पडले यापेक्षा दोन पावसाळ्यांमधली उघाडी किती लांबते, हे अधिक भोगावे लागते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो आणि दिवाळीनंतर, अहिल्यानगरच्या माळावरील रोपापुढे जो प्रश्न असतो तोच दादरच्या पदपथावरील रोपापुढेही उभा राहतो. मातीतली ओल किती खोल उतरली आहे आणि ती आटण्यापूर्वी मूळ तिथवर पोहोचेल का, हा तो प्रश्न होय.

युरोपात आणि हिमालयात वाढणाऱ्या ओकने या प्रश्नाचे उत्तर आपल्या फळातच साठवलेले असते. ओकचे फळ कठीण कवचाचे असून त्यात रोपाला पुरेल एवढे अन्न असते; मात्र ते वाळले की मरते. जमिनीवर पडल्यावर ते आधी सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारे मुख्य मूळ, मातीत घालते आणि कोंब त्यानंतर वर काढते. ओक हे महाराष्ट्राच्या रानातले झाड नव्हे, तरी वाळणे न सोसणाऱ्या बिया आपल्याकडेही पुष्कळ आहेत. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभूळ आणि मोह यांची बी फळातून निघाल्यावर लवकरच पेरावी लागते, तर बाभूळ आणि बहावा यांची कठीण सालीची बी वर्षानुवर्षे टिकते. सोटमुळाची झाडे प्लॅस्टिकच्या पिशवीत फार दिवस राहिली की मूळ तळाशी वळसे घेऊ लागते, आणि एकदा वळलेले मूळ पुढे मोकळी जमीन मिळाली तरी सहजी सरळ होत नाही. म्हणून अशा झाडांचे बी शक्य तिथे कायमच्या जागीच पेरावे आणि तयारी बियाची करण्याआधी मातीची करावी, हेच अधिक शहाणपणाचे आहे.

ही तयारी उन्हाळ्यातच सुरू करावी लागते. साधारण दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणून तो उन्हात तापू दिला, तर मातीतील किडींच्या अवस्था आणि तणांच्या मुळ्या काही प्रमाणात मरतात व घट्ट ढेकळे भुसभुशीत होतात. खणताना वरच्या थराची माती वेगळी ठेवावी, कारण कुजलेल्या पालापाचोळ्याचा कस तिच्यातच असतो. चिकण मातीत फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत झाल्या तर मूळ त्या भिंतीलाच अडते, म्हणून त्या खरडून घ्याव्यात. खाली मुरूम लागल्यास तळाच्या मध्यभागी पहारीने आणखी खोल भोक पाडावे, कारण सोटमुळाला रुंद जागेपेक्षा खाली जाणारी वाट अधिक हवी असते. खताच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला बरा. अर्धवट कुजलेले शेणखत वाळवीला आमंत्रण देते, आणि फार सकस माती भरली तर मुळे तेवढ्याच जागेत रेंगाळून बाहेरच्या कठीण जमिनीकडे वळत नाहीत. पहिल्या पावसांनी खड्ड्यातली माती बसली, वर थोडी भर घातली आणि ओल खोलवर गेली, की बी त्याच्या जाडीच्या एक-दोन पट खोल पेरावे.

खोल मशागतीने पाणी मुरवणे आणि वरचा थर मोकळा ठेवून ते टिकवणे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई इलाख्यात पुण्याजवळच्या मांजरी येथे १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, १९३३ पासून सोलापूर त्याचे केंद्र बनले, आणि त्या कामातील मृदाशास्त्रज्ञ एन. व्ही. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. बांधबंदिस्ती, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट, शेणखत आणि वारंवार कोळपणी हे या पद्धतीचे मुख्य भाग होते. वरचा थर हलवला की भेगा बुजतात, ओल पिणारे तण निघते आणि बाष्पीभवन मंदावते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते याच अनुभवावरून. झाडाभोवती पाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन हेच काम अधिक काळ करते, फक्त ते खोडाला टेकू देऊ नये. उतारावर खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घातला की वाहून जाणारे पाणी रोपाशी थांबते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या हिवरेबाजार गावात डोंगरउतारावर खणलेले सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेत जाणारे चर, याच तत्त्वावर काम करतात. तिथे आधी पाणी मुरले आणि मग झाडे जगली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

दादरमध्ये अडचण उताराची नसून भरावाची आहे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पारशी वसाहतीत रस्त्यांइतकीच झाडांनाही जागा मिळाली. आज नव्या रोपासाठी खणताना मात्र विटांचे तुकडे, चुना आणि सिमेंट मिसळलेला, चाकांनी व पावलांनी दाबून कठीण झालेला थर वारंवार लागतो. त्यात पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होऊन मुळांना लोह मिळणे कठीण होते, त्यामुळे पाने पिवळी पडतात. असा डबर काढून दुसरीकडची माती व कुजलेला पाला भरावा, बुंध्याभोवतालचा चौकोन फरशीखाली बुजू देऊ नये, आणि नोव्हेंबरपासून रोज ओंजळभर पाणी घालण्याऐवजी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी सावकाश मुरवावे. कारण रोजच्या वरवरच्या ओलाव्याने मुळे पृष्ठभागाजवळच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात तोच थर सर्वांत आधी तापतो.