बेसबॉलचा खेळाडू आणि शरीराची कसोटी

गोफणीचा दगड केवळ दंडाच्या बळावर दूर जात नाहीं, हें ज्वारीच्या शेतांत मचाणावर उभें राहून पाखरें हाकलणाऱ्या मुलास कोणी शिकवावें लागत नाहीं. पाय रोवावे, कंबर वळवावी, मग खांदा आणि शेवटीं मनगट, अशा क्रमानें जोर पायांतून हातांत येतो. बेसबॉलचा चेंडू फेंकण्याचें शास्त्र याहून फारसें निराळें नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील महाविद्यालयें १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. तेथील विद्यार्थ्यांतून बेसबॉलचा संघ निवडतांना शारीरिक क्षमतेची पारख कशी करावी, हा आजचा विषय आहे.

वऱ्हाडांत व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्य करीत आहे. तालमींतील वस्ताद पठ्ठ्याची पारख नजरेनें करीत. ती नजर मोलाची खरीच. परंतु तिला लेखी मोजमापाची जोड मिळाली, तर ओळखदेखीच्या मुलाला झुकतें माप मिळण्याचा धोका कमी होतो.

मात्र कसोटी खेळास साजेशी हवी. बेसबॉलमध्यें दोन बेसांमधील अंतर ९० फूट, म्हणजे नेमकें ३० यार्ड असतें. म्हणून ३० यार्डांची धांव ही उत्तम कसोटी होय. डॉ. कूपर यांनीं १९६८ मध्यें प्रसिद्ध केलेली बारा मिनिटांची धांव हृदय व फुप्फुसें यांचा दमसांस मोजते. आरोग्यास ती उपयुक्त आहे; पण ज्या खेळांतील बहुतेक धांवा कांहीं सेकंदांतच संपतात, त्याचा खेळाडू तेवढ्यावरून नापास ठरविणें अन्यायाचें होईल. पायांचा जोर जागेवरून मारलेल्या लांब उडीनें कळतो. हाताची परीक्षा चेंडूफेंकीनें होते, आणि तींत अंतराबरोबर नेमहि पाहावा.

मोजमाप सर्वांस सारखें असावें. घाटाखालीं मलकापुरास वैशाखांतील दुपारीं घेतलेली धांव आणि घाटावर बुलढाण्यास हिवाळ्यांतील सकाळीं घेतलेली धांव, यांची तुलना करूं नये. मैदान, वेळ व पादत्राणें शक्य तों तींच ठेवावीं. घड्याळ दाबणाऱ्या बोटाच्या विलंबानेंहि सेकंदाचे एकदोन दशांश बदलतात. म्हणून एकाच माणसानें वेळ घ्यावी आणि प्रत्येकास दोनतीन संधी द्याव्या. अंग तापल्याविना पूर्ण जोरानें चेंडू फेंकूं देऊं नये. खांदा वा कोपर दुखूं लागल्यास तात्काळ थांबावें.

इतकें करूनहि सर्व कांहीं मोजलें जात नाहीं. पिचरची पट्टी घरच्या बेसपासून ६० फूट ६ इंचांवर असते. ताशी १२० किलोमीटर वेगानें आलेला चेंडू सुमारें अर्ध्या सेकंदांत फलंदाजापाशीं पोंचतो. तेवढ्यांत तो ओळखून बॅट फिरवावी कीं सोडून द्यावा, हें ठरविणारी दृष्टि फितीनें मोजतां येत नाहीं. ती सामन्यांतच पाहावी लागते.

म्हणून माझें क्रीडाशिक्षकांस सांगणें इतकेंच: प्रत्येक विद्यार्थ्याच्या व विद्यार्थिनीच्या नांवाचें एक पान वहींत राखा. सहा ते आठ आठवड्यांनीं तीच कसोटी पुन्हां घ्या आणि आंकडा आधीं त्याच्याच मागील आंकड्याशीं ताडून पाहा. एका दिवसाच्या धांवेवरून खेड्यांतून आलेल्या मुलाला मैदानाबाहेर काढूं नका. कोठें कमी पडतो तें त्यास दाखवा, आणि तयारीला अवधि द्या.